‘पोरं सांभाळायला पदवी कशाला लागते?’

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.
मी 27 वर्षांची आहे. सिन्नरजवळच्या एका खासगी शाळेत गेली दोन वर्षं छोट्या शिशूला शिकवते. बी.कॉम. झालंय, टॅलीही येतं. शाळेत महिना साडेसहा हजार मिळतात. आता ओळखीच्या एका पतपेढीत चौदा हजारांची जागा आहे. घरचे सगळे म्हणतात, जा. सासरे एमआयडीसीतल्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले. ते मनानं चांगले आहेत, पण परवा म्हणाले, “पोरं सांभाळायला पदवी कशाला लागते?” नवरा काहीच बोलत नाही. शाळेत पालक विचारतात, अजून वहीत एबीसीडी का नाही? आणि मला मात्र सकाळी फाटक उघडलं की आतून आनंद होतो. अगदी खरा. मग रात्री वाटतं, हा आनंद म्हणजे पळवाट तर नाही? मुलं जीव लावतात म्हणून मला बरं वाटतं, एवढंच असेल तर त्यासाठी घराचं नुकसान करणं बरोबर आहे का?
— एक बालवर्गताई

उत्तर

प्रिय ताई,

तुला तिथली मुलं याच नावानं हाक मारत असणार, म्हणून मीही तेच नाव घेते. तुझं पत्र आलं त्या दिवशी दोनदा वाचलं. मी सांगलीत 29 वर्षं बालवाडीत शिकवलं, 1992 पासून 2021 पर्यंत. शेवटचं वर्ष करोनाचं होतं. शेवटच्या तुकडीला मी मोबाईलच्या पडद्यावरच पाहिलं, एकाचंही नाक पुसलं नाही की हात धुतला नाही. ती चुटपुट अजून आहे. हे सांगते कारण तुझ्या प्रश्नाकडे मला तटस्थपणे बघता येणार नाही, आणि ते तुला आधी कळलेलं बरं.

तुझ्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. एक आनंदाचा आणि एक पैशाचा. तू आनंदाला पैशाच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला लावते आहेस, आणि ते त्याला जमत नाही म्हणून त्याच्यावरच संशय घेते आहेस. आपण आधी आनंदाचं बोलू.

मुलं जीव लावतात म्हणून बरं वाटतं, हे खरंच आहे. पण त्याच्यावर फार विसंबू नकोस. चार वर्षांच्या मुलाचं प्रेम समोर असलेल्या माणसावर असतं. मार्चमध्ये जो तुझा पदर सोडत नव्हता, तो जुलैमध्ये भाजी मंडईत दिसला तर आईच्या मागे लपतो. पहिल्या काही वर्षांत मला याचं वाईट वाटायचं. पुढे कळलं की त्यानं असंच पुढं जायला हवं. त्याला माझी आठवण राहिली नाही, पण मी शिकवलेली गाठ त्याच्या बोटांत राहिली. तेव्हा तुला सकाळी फाटकाशी जो आनंद होतो, तो फक्त या मायेचा असता तर दोन पावसाळ्यांत ओसरला असता. तो दुसरीकडून येतो, आणि कुठून येतो ते तुला स्पष्ट दिसावं अशी माझी इच्छा आहे.

एक मुलगा होता. जूनमध्ये आला तेव्हापासून तो वर्गात एक शब्द बोलला नाही. घरी भरपूर बोलायचा, आई सांगायची. वर्गात खिडकीपाशी उभा राहायचा, सगळं बघायचा. आम्ही त्याला बोलतं करायला धडपडलो नाही. जवळून जाताना फक्त सांगत राहायचो, “आता आपण मातीकाम करतोय हं.” दिवाळी झाली. एके दिवशी मटकीची उसळ होती, मी बश्या मांडत होते. मांडून झाल्या तसा मागून आवाज आला, “अजून एक. मावशींची राहिली.”

मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर तो पुन्हा मिटला असता. मी गुपचूप आणखी एक बशी ठेवली. त्या एका वाक्यात काय काय होतं ते बघ. त्यानं प्रत्येक माणसामागे एक बशी अशी जोडी लावली होती, म्हणजे गणिताचा पाया त्याच्याजवळ आधीच तयार होता. आपण सगळे म्हणजे कोण, हे त्यानं ठरवलं होतं, आणि आमच्या सेविका मावशी त्या ‘सगळ्यां’त होत्या. माझ्या हिशोबात त्या नव्हत्या. पाच महिने उभा राहून त्यानं हे पाहिलं होतं. तो दिवस मी आजही जसाच्या तसा सांगू शकते. असा दिवस बाहेरून बघणाऱ्याला दिसत नाही. त्याला वाटतं, एका मुलानं बशी मागितली.

आपल्या कामातला आनंद हा असा, बघता येण्याचा आहे. आणि बघणं शिकावं लागतं. माझ्या पहिल्याच वर्षी एक मुलगा डाव्या हातात खडू धरायचा. मी तो रोज काढून उजव्या हातात द्यायची, कारण मला लहानपणी तसंच शिकवलं होतं. महिन्याभरात त्यानं चित्र काढणंच सोडलं. त्याचं काय गेलं हे मला तेव्हा कळलंसुद्धा नाही. कळायला चार वर्षं लागली, आणि तोवर तो चौथीत होता.

तुझे सासरे विचारतात पदवी कशाला. त्यांचा प्रश्न अपमान म्हणून घेऊ नकोस, त्याला खरं उत्तर आहे. तारा मोडक मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर होत्या, राजकोटला शिक्षिका घडवणाऱ्या महाविद्यालयाच्या प्राचार्य होत्या. ते पद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. गिजुभाई स्वतः वकील. चालती वकिली सोडून तीन-चार वर्षांच्या मुलांमध्ये जमिनीवर बसायला लागले. या दोघांनी 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ काढला. पुढे 1945 मध्ये ताराबाई डहाणूच्या किनाऱ्यावर बोर्डीला आल्या, तिथं त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या, आणि 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली आदिवासी मुलं बालवाडीत येत नव्हती. मोठी भावंडं गुरं राखायची, धाकटी घराच्या आसपास खेळायची. मग या दोघींनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आज गावोगाव जो ‘अंगणवाडी’ शब्द आहे, तो त्यातून आला. सरकारची एकात्मिक बाल विकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली, त्याच्या कितीतरी आधी. गुरं चारायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली, तिचं नावच कुरणशाळा. मला या सगळ्यात सर्वांत जास्त आवडतं ते हे, की मुलं का येत नाहीत याचा दोष त्यांनी आईबापांना दिला नाही. त्या जाऊन बघत राहिल्या. अनुताई 1992 पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत त्याच कामात होत्या. अशा बाईंना कुणी पळवाट शोधली असं म्हणेल का?

आता पालकांच्या वहीबद्दल, कारण मला वाटतं तुझा आनंद खरा तिथं गुदमरतोय. छोट्या शिशूतल्या मुलाचं वय साडेतीन-चार. आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. बाळ जन्मतं तेव्हा ती सगळी कुर्चेची, मऊ असतात, आणि मग वर्षानुवर्षं एकेक करून टणक होतात. चार वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर साधारण निम्मीच हाडं दिसतात. शेवटचं दिसायला नऊ ते बारा वर्षांचं वय उजाडतं. त्या हातात पेन्सिल देऊन चार रेघांत ‘बी’ बसवायला सांगणं म्हणजे पायात बळ यायच्या आधी पळायला लावणं. त्या हाताला आधी माती मळायची असते, कपडे पिळायचे असतात, मणी ओवायचे असतात, शेंगा सोलायच्या असतात, कात्रीनं वेडंवाकडं कापायचं असतं. हे सगळं लिहिण्याचंच काम आहे. फक्त वहीत दिसत नाही.

पालकांना हे भाषण करून पटत नाही, मी पुष्कळ भाषणं केली. पालकसभेत एकदा मी प्रत्येकाला दहा बारीक मणी आणि दोरा दिला आणि सांगितलं, तुमचा जो हात चालतो तो पाठीमागे ठेवा, दुसऱ्या हातानं आधी तुमचं नाव लिहा, मग मणी ओवा. दोरा गुडघ्यात धरा, दातांत धरा, कसाही. दहा मिनिटं खोलीत आवाज नव्हता. एक वडील घामाघूम झाले होते. त्यांनी नाव लिहिलेला कागद माझ्याकडे देताना दुमडून दिला. त्यानंतर त्यांनी वहीचं कधी विचारलं नाही. तू हे करून बघ. आणि व्यवस्थापनाचा हट्टच असेल तर निदान वहीच्या आधी अर्धा तास मातीकाम मागून घे.

हे समजून घेतलंस की मुलांच्या चुकाही तुला वेगळ्या दिसायला लागतील. ताकाचे दोन पेले भर, एक उभट आणि एक बसकट, मुलांच्या डोळ्यांदेखत अगदी सारखं मापून. चार वर्षांचं मूल छातीठोकपणे सांगेल की उभट पेल्यात जास्त आहे. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं हे नीट मांडून दाखवलं. साधारण सहा-सात वर्षांपर्यंत मुलाच्या डोळ्याला उंची तेवढी दिसते. म्हणून डब्याच्या वेळी “त्याला जास्त दिलं!” असं रडणारं मूल हावरट नसतं. त्याला खरोखरच तसं दिसतं. मी ओरडायचं सोडलं आणि त्याच्यासमोर एका पेल्यातलं दुसऱ्यात ओतायला लागले. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो गोंधळ उमटायचा तो बघण्यासाठी मी पुढची कितीतरी वर्षं उठून वेळेवर शाळेत गेले आहे.

तुला एक प्रसंग सविस्तर सांगायचाय. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचा मोठा पूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलाशी 45 फुटांवर धोक्याची पातळी आहे, त्या वर्षी पाणी 57 फुटांवर गेलं. आमच्या बालवाडीत गाळच गाळ. खेळणी, पुस्तकं, गाद्या, सगळं गेलं. महिन्याभरानं धुऊनपुसून वर्ग उघडले तेव्हा खेळायला एक वाळूचा हौद आणि लोकांनी दिलेले डबे-झाकणं एवढंच होतं.

मुलं हौदाशी बसली आणि पूर-पूर खेळायला लागली. वाळूची घरं करायची, त्यावर पाणी ओतायचं. एक मुलगी उभी राहून ओरडायची, “अजून दोन फूट चढलं!” तिला फूट म्हणजे काय हे माहीत नव्हतं. पण सांगलीच्या मुलांनी तो शब्द आठ दिवस रात्रंदिवस ऐकला होता. मग एका झाकणाची होडी यायची, आजीला न्यायची, कुकर न्यायची. म्हैस मात्र राहायची. रोज म्हैस राहायची. मग घर पडायचं. पुन्हा बांधायचं, पुन्हा पाणी.

आमच्यातल्याच एका नव्या बाईंना ते बघवेना. म्हणाल्या, थांबवूया, मुलांच्या मनावर परिणाम होईल. मीही घाबरले होते, खोटं कशाला सांगू. पण मुलांचे चेहरे बघितले तर ती घाबरलेली नव्हती. ती कामात होती. घरी कुणी त्यांच्याशी त्या रात्रीबद्दल बोलत नव्हतं, मोठ्यांनाच बोलवत नव्हतं. म्हणून आम्ही हौदापाशी पाण्याची बादली भरून ठेवली आणि शेजारी बसून राहिलो. विचारलं तर उत्तर द्यायचं, नाहीतर गप्प.

जवळजवळ सहा आठवडे हा खेळ चालला. मधेच एक दिवस म्हशीला होडीत घेतलं गेलं. तिच्यासाठी होडी मोठी करावी लागली, परात आणली. आणि मग दसऱ्यानंतर केव्हातरी, मी नोंद केलेली आहे, तीच मुलगी होडी घेऊन निघाली. मी विचारलं, “कुणाला वाचवायचंय?” ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मला काही समजतच नाही. म्हणाली, “कुणाला नाही. नरसोबाच्या वाडीला चाललोय. पेढे आणायला.”

माझ्या आयुष्यात मोठमोठ्या समारंभांत मी इतकी हलले नाही. त्या दिवशी नदी पुन्हा तिची झाली. मी तिला बरं केलं नव्हतं. मी बादली भरून दिली होती आणि सहा आठवडे तिथं बसले होते. पण कुणीतरी बसायला हवं होतं. “वाळूत काय चिखल करताय, उठा” असं म्हणणारं माणूस तिथं असतं तर? म्हणून सांगते, तुझ्या कामाला पदवी लागते की नाही यापेक्षा मोठा प्रश्न हा, की कधी हात मागे घ्यायचा हे ज्याला कळतं ते माणूस त्या खोलीत आहे की नाही.

रोज असं घडत नाही, हे तुला दोन वर्षांत कळलंच असेल. जूनचा पहिला आठवडा म्हणजे रडारड, घसा बसलेला, कुणाची चड्डी ओली, कुणी चावलेलं. संध्याकाळी घरी कुणाशी बोलायची ताकद उरत नाही. त्या दिवसांत आनंद झाला नाही तर काही बिघडलं असं समजू नकोस.

आता पैसा.

साडेसहा हजार कमी आहेत. तुला काम आवडतं म्हणून ते पुरेसे होत नाहीत. या क्षेत्रात बायकांना वर्षानुवर्षं असंच गप्प केलं जातं, “तुम्हाला मुलांचं समाधान मिळतं ना!” समाधानानं गॅसची टाकी येत नाही. तू आनंदाला पगाराच्या जागी बसू देऊ नकोस, नाहीतर एक दिवस त्या आनंदाचाच राग यायला लागेल. मी चांगल्या चांगल्या ताई अशा कडवट होऊन गेलेल्या पाहिल्या आहेत.

तू हिशोबाची मुलगी आहेस, तेव्हा एका रविवारी नवऱ्याबरोबर कागद घेऊन बस. घरखर्च, हप्ते, औषधं, शिल्लक. महिन्याला खरोखर किती कमी पडतात, तो आकडा काढ. तो साडेसात हजारच निघाला, आणि दुसरा मार्ग नसला, तर पतपेढीत जा. अपराधी वाटून घेऊ नकोस. बालवर्ग चार वर्षांनीही असणार आहे आणि तू काही विसरणार नाहीस. पण आकडा तीन-चार हजारांचा असेल, तर तुझा वर्ग दुपारी सुटतो आणि तुला टॅली येतं. सिन्नरसारख्या गावात दोन दुकानांची खाती संध्याकाळी लिहिली तर तेवढं जमू शकतं. हे तुझ्या सासऱ्यांनाही समजेल, त्यांना आकड्यांचीच काळजी आहे असं मला वाटतं.

शाळेकडे मात्र तोंड उघड. लेखी नेमणूकपत्र आहे का? नसेल तर आधी ते माग. मे महिन्याचा पगार मिळतो का? वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या शाळेला भविष्य निर्वाह निधी लागू होतो, तुझा कापला जातो का ते बघ. शिक्षकांना उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळायला हवी हेही कायद्यात 2009 च्या दुरुस्तीनं आलं आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कायम ठेवलं. तुझ्या मुख्याध्यापकांना हे माहीत असेलच असं नाही. शांतपणे, कागद हातात घेऊन विचार. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा शिक्षणाचा पहिला टप्पा मानला आहे, म्हणजे तुझा वर्ग आता शाळेचा ओटा राहिला नाही, शाळेचीच पहिली खोली झाला आहे. पूर्वप्राथमिक शिक्षणाचा एखादा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम करून घे. पगाराचं बोलताना तो उपयोगी पडतो, आणि तुला जे आतून कळतंय त्याला शब्द मिळतात.

आणखी एक. शंभर पानी वही घे. रोज एकाच मुलाबद्दल चार ओळी, तारखेसह. त्यानं काय केलं, काय म्हणाला, जसंच्या तसं. ‘हुशार’, ‘मस्तीखोर’ असले शब्द त्यात नकोत. माझ्या अशा 41 वह्या होत्या, पुरात बऱ्याच गेल्या, वरच्या फळीवरच्या अकरा वाचल्या. आजही त्यातली कुठलीही उघडली की ते मूल समोर येऊन उभं राहतं. रात्री जेव्हा तुला पळवाटीची शंका येईल तेव्हा ही वही उघड.

नवऱ्याचं गप्प राहणं मला पत्रावरून नीट कळलं नाही, म्हणून त्यावर काही सांगत नाही. त्या रविवारच्या कागदावर तो बोलेल कदाचित.

सासऱ्यांशी मात्र वाद घालू नकोस. त्यांना एक दिवस वर्गात बोलाव. आयुष्यभर फिटरचं काम केलेला माणूस आहे, त्यांच्याकडे नट-बोल्ट असणारच. मोठे सांग, मुलाच्या मुठीत भरतील पण तोंडात जाणार नाहीत असे. वंगण आधी केरोसीननं पुसून मग साबणानं स्वच्छ धुऊन आणायचे. पंधरा-वीस पुरे. मुलांना जमिनीवर गोल बसव, मध्ये आजोबांना बसव, आणि तू बाजूला हो. नट फिरवताना त्या चिमुकल्या मनगटांचं काय होतं ते त्यांना तुझ्यापेक्षाही लवकर दिसेल. फक्त एवढं सांगून ठेव, की घरून येताना नट आवळून आणू नका, दोन आट्यांवर सैल ठेवा. पहिला सुटला की मुलं पुढचे मागून घेतात.

तुझी,
ताई